एक किल्ली दिली तर?

शनिवारी गोरेगावला होतो (मुंबईचं नव्हे हो, आमचं हिंगोली जिल्ह्यातलं!). चुलतभावाने विचारलं, "दादा, वॉलेटमधल्या एकाच पत्त्याची प्रायव्हेट की मित्राला दिली, तर बाकीचे बिटकॉइन सेफ ना?"

नेहमीच नाही. २०१२ च्या बीआयपी-३२ नुसार साध्या पत्त्याची की म्हणजे खात्याची मूळ की अधिक एक आकडा, म्हणजेच ट्वीक. दोन पायऱ्या खाली उतरलात, तर दोन ट्वीक्सची बेरीज. गंमत म्हणजे हे ट्वीक्स खात्याच्या एक्सपबवरून काढता येतात. मित्राकडे एक्सपबही असेल, तर नुसती वजाबाकी केली की मूळ की हातात. अख्खं खातं साफ! हार्डन्ड पायरीत ट्वीक प्रायव्हेट कीमधूनच निघतो, म्हणून तिथे ही वजाबाकी जमत नाही.

भावाला एवढंच म्हटलं, हिशेबाला एक्सपब दे हवं तर. पण मग की एकही नको.