आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

सूर्यमाळच्या थंडीबद्दल ऐकून होते. पण दिवाळीच्या सुट्टीत तिथे पहिल्याच सकाळी शाल गुंडाळून अंगणात आले आणि गारठले ती थंडीने नव्हे, समोरचं दृश्य पाहून! रात्री ऐटीत उभी केलेली आमची मोटार पुढच्या डाव्या अंगाला चक्क बसली होती. चाक आणि त्यावरचं मडगार्ड यांच्यात एक बोटसुद्धा जाईना. म्हैस गुडघा टेकून बसायच्या बेतात असावी, तशी ती दिसत होती.

आधी या मोटारीची हकिकत सांगायला हवी. ह्यांना तरुणपणापासून मोठ्या मोटारीची भारी हौस. नवी घेणं आमच्यासारख्यांना सात जन्मांत जमायचं नाही. पण बारा वर्षं वापरलेली तशीच मोटार छोट्या नव्या गाडीच्या किमतीत मिळते, असं कुणीतरी ह्यांच्या कानात घातलं. मी म्हटलं, "अहो, हत्ती घेणं सोपं, पोसणं कठीण." पण हत्ती दारात आलाच. पाच-सहा महिन्यांत एका सकाळी तो खाली बसला तो उठेचना. आमच्या कल्याणातल्या एका गॅरेजवाल्याने त्याला यंत्र जोडलं, "हवेचा पंप जळलाय" म्हणून सांगितलं आणि नवा पंप बसवला. त्या बिलापायी, शाळेतल्या माझ्या अर्धवेळ पगारातून साठवलेली मुदत ठेव मोडली. त्या दिवशी मी ह्यांना काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही. तुमच्यापैकी प्रत्येकीला ते पाठच असेल!

आणि आता ही दुसरी खेप. तीही घरापासून इतक्या दूर, मोखाड्याच्या डोंगरात. माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचे यजमान तिकडच्या आश्रमशाळेत शिक्षक आहेत. त्यांच्या आग्रहावरून आम्ही कसारा, विहीगाव, खोडाळा करत आलो होतो. सोबत गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, तरी त्या अजून "आपल्या ठाणे जिल्ह्यातलं महाबळेश्वर" असंच म्हणतात. देवबांधच्या गणपतीचं दर्शन झालं होतं, नागलीची गरम भाकरी खाऊन झाली होती, आणि दुपारी परत निघायचं होतं.

ह्यांनी इंजिन सुरू केलं. कुठूनसा घूंऽऽ असा आवाज आला आणि गाडी कण्हत कण्हत वर आली. "बघ, उठली की नाही? लवकर निघू, म्हणजे झालं." मला मात्र तो आवाज थांबायची वाट पाहावी लागली. बराच वेळ थांबेना. इंजिन बंद करून आम्ही चहा प्यायला आत गेलो, आणि बाहेर येतो तर डावं अंग पुन्हा दोन बोटं खाली!

तेवढ्यात मैत्रिणीने स्वयंपाकघरात गॅसचा नवा सिलिंडर लावला आणि सवयीने रेग्युलेटरवर साबणाचा फेस लावून पाहिला. बुडबुडा आला नाही, तशी तिने काडी ओढली. मी पाहतच राहिले. म्हटलं, हवेवर चालणाऱ्या गाडीला हे का करू नये? सासूबाईंनीही दुजोरा दिला. "सायकलची ट्यूब नाही का बादलीत बुडवून बघत? बुडबुडे सांगतात भोक कुठे ते."

खोडाळ्याहून एका तरुण मिस्त्रीला बोलावलं. तो जीप दुरुस्त करतो, आणि त्याआधी शहरात मोठ्या आरामबसवर काम केलेलं. तो म्हणाला, "बाई, गाडी असली पाहिली नाही, पण बसला असलेच बलून असतात." मग त्याने मला समजावून सांगितलं. साध्या मोटारीचा भार लोखंडी स्प्रिंगांवर असतो. या गाडीत चारी चाकांवर रबराच्या हवेच्या पिशव्या असतात. छोटा पंप हवा भरतो, एका डबीतले दाणे त्या हवेतला ओलावा शोषून घेतात, आणि झडपांचा एक ठोकळा कुठल्या चाकाला किती हवा द्यायची ते वाटून देतो. प्रत्येक चाकापाशी उंची सांगणारी एक काडी असते. चार माणसं बसली की गाडी दबते, काडी तसं कळवते आणि पंप थोडी हवा वाढवतो. म्हणून तर आत बसलं की पाळण्यात बसल्यासारखं वाटतं.

गाडीला हात लावण्याआधी त्याने डॉक्टरांसारखे प्रश्न विचारले. एकच कोपरा बसतो की दोन्ही? लगेच बसतो की रातभर उभी राहिल्यावर? मला हे फार आवडलं. कारण उत्तरावरून रोग कळतो. रोज एकच कोपरा बसत असेल तर त्याच चाकाची पिशवी, नळी किंवा तिचा सांधा. पुढची दोन्ही किंवा सगळीच चाकं बसत असतील, तर झडपांच्या ठोकळ्यावर संशय. गाडी बसलेली आणि पंपाचा आवाजच नाही, तर आधी फ्यूज आणि रिले पाहायचे. हवा गळत नाही पण एका बाजूची उंचीच चुकते, तर ती काडी वाकली किंवा तुटली असेल.

त्याने आधी गाडीखाली लाकडाचे जाड ठोकळे सारले. "नुसत्या हवेवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही. हवा गेली की हात गेला," असं ह्यांना बजावलं. मग चाक बाहेर वळवून पंप चालू केला, आणि माझ्या मैत्रिणीच्या इस्त्रीच्या फवाऱ्यातून साबणाचं पाणी उडवलं. नळीच्या सांध्याला काही नाही. पण पिशवीच्या घडीवर पाणी पडलं मात्र, आणि बारीक बारीक बुडबुडे अगदी रांगेने फुगू लागले. रबर दिवसातून हजारदा जिथे दुमडतं, तिथेच वयाप्रमाणे चिरलं होतं. थंडीने रबर आणखी कडक होतं, म्हणून सूर्यमाळला दुखणं एका रात्रीत उघडं पडलं.

म्हणजे पंपाचा दोष नव्हताच! तो बिचारा गळती भरून काढायला पुन्हा पुन्हा धावत होता. फार तापला की आपोआप थांबायचा, निवला की पुन्हा सुरू. असं करता करता पहिला पंप जळला असणार. गॅरेजमधल्या यंत्राने पंप थकल्याचं सांगितलं, ते खोटं नव्हतं. पण तो कशाने थकला हे यंत्र सांगत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार झाला होता.

मिस्त्रीने ह्यांना विचारलं, "साहेब, समोर दिवा लागत नव्हता?" हे गप्प. मग खाली पाहून म्हणाले, "तीन आठवडे लागतोय."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू पुन्हा हत्ती काढला असतास."

मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. खरंच काढला असता. पहिल्या बिलाच्या वेळी माझी जीभ अशी चालली होती की दुसऱ्या वेळी ह्यांनी दिवा लपवणंच पसंत केलं. त्यांनी लपवलं ही त्यांची चूक. पण घरात वाईट बातमी सांगायची सोय राहिली नाही, तर त्यात माझाही वाटा होताच की. मुलाने नापास झालेली चाचणी लपवली, तर मी वर्गात पालकांना हेच सांगते. स्वतःच्या घरी विसरले.

ह्यांचा अजून तसंच हाकत जायचा विचार होता. मिस्त्री म्हणाला, चिरलेल्या पिशवीला पंक्चर चालत नाही, ती बदलावीच लागते. वाटेत गाडी खाली बसली तर चाक मडगार्डला घासेल, शिवाय पंपही जाईल. या वेळी मी आवाज न चढवता म्हटलं, "अहो, पंप तरी वाचवू या." मोटार पाठीवर घेणारा ट्रक बोलावला. हे त्याच्याबरोबर गेले. मी आणि सासूबाई जीपने कसाऱ्याला आलो आणि लोकल धरली. २००७ पासून लोकलचे जे नवे डबे आले, त्यांच्याखालीही हवेच्या पिशव्याच असतात, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "बघ, आपण हवेवरच चाललोय!"

कल्याणला दुसऱ्या कारागिराकडे नवी पिशवी बसली. त्याने रिलेही बदलला. रिले चिकटला तर पंप थांबतच नाही, म्हणून. पंपाचा दाब मोजला, तो उत्तम निघाला. उजव्या बाजूची पिशवी त्याच वयाची, तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. हवेच्या पिशव्या काढून लोखंडी स्प्रिंगा बसवायचाही मार्ग असतो. अमेरिकेत १९५७ साली कॅडिलॅकच्या एका महागड्या मोटारीला चारी चाकांवर हवा दिली होती, तिच्या कित्येक मालकांनी गळतीला कंटाळून पुढे तेच केलं. पण मग पाळण्याचं सुख जातं. ह्यांचा चेहरा पाहून मी तो विषय वाढवला नाही.

आता रोज रात्री गाडी उभी केली की मी चारी चाकांवरचं अंतर बोटांनी मोजते, आणि सकाळी पुन्हा मोजते. खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. मैत्रिणींनो, तुमच्या दारात असा हत्ती असेल तर तुम्हीही मोजा. एखादं बोट कमी भरलं तर नवा पंप घेण्याआधी साबणाचं पाणी घ्या.

आणि आमच्याकडे आणखी एक नियम झाला आहे. कुठलाही दिवा लागला, मोटारीतला असो की घरातला, तर त्याच दिवशी सांगायचं, आणि ऐकणाऱ्याने आधी चहा टाकायचा. गेल्या महिन्यात हे म्हणाले, "अगं, दिवा लागलाय." मी चहा टाकला. उंची सांगणारी काडी सैल झाली होती, एवढंच.