बापाची निवृत्ती

सरकारी नोकराच्या निवृत्तीची तारीख ठरलेली असते. कबड्डीपटूच्या बापाला ती लेक सांगते. शाल नाही, नारळ नाही, पेन्शन तर नाहीच.

2011 साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ निघालं आणि आमच्या चंद्रपूरची कॉलेजं नागपूर सोडून तिकडे जोडली गेली. माझ्या फायद्याचं म्हणाल तर सामन्यांच्या निमित्तानं मूल, सावली, वैनगंगेचा पूल हा एस.टी.चा रस्ता पाठ झाला. चढाई 30 सेकंदांची. दम तिनं धरायचा, पण गुदमरायचो मी.

यंदा ती शांतपणे म्हणाली, "बाबा, आता नाही खेळणार."

"गुडघा दुखतो का?"

"नाही. मन भरलं."

गुडघ्यावर तेल चोळता येतं. भरल्या मनावर काय चोळणार? मी म्हटलं, "अगं, कबड्डीत बाद झालेला गडीसुद्धा परत मैदानात येतो."

"मी कुठे बाद झाले? चढाई करून आपल्या अंगणात परत आले."

यावर पकड करणारा बाप अजून जन्मायचाय.

परवा स्टँडवर कंडक्टरनं हटकलं, "कावून जी, आता दिसून नाही राहिले?" काय सांगणार? रविवारी पिशवी घेऊन भाजी बाजारात निघालो, तर लेक सोबत आली. वाटेत तासभर बोलत होती. एवढ्या वर्षांत आमचं बोलणं गुणांपलीकडे गेलंच नव्हतं. वांगी मात्र महाग पडली. भावाकडे लक्षच नव्हतं.