तळटीप

कोणतेही जाडजूड पुस्तक हाती आले, की मी प्रथम पानाच्या तळाकडे पाहतो. वर लेखक ऐटीत बोलत असतो. खाली बारीक टाइपात त्याचे सावकार बसलेले असतात. अमुक विचार कोणाकडून घेतला, तमुक आकडा कोठून आणला, याचा हिशेब तेथे मांडलेला असतो. माणूस किती विद्वान आहे ते मजकुरावरून कळते. किती सचोटीचा आहे ते तळटिपांवरून.

माझी स्वतःची मजल मॅट्रिकपर्यंतची. प्रबंध लिहिण्याचा योग आला नाही, आणि कादंबरीकाराला तळटिपांची सक्ती नसते. परंतु गेल्या उन्हाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी आपला प्रबंध शुद्धलेखन तपासण्यासाठी माझ्याकडे ठेवून गेली. विषय जात्यावरच्या ओव्या. त्याची संदर्भसूची मी रहस्यकथेसारखी वाचून काढली.

केवढे शास्त्र आहे ते! आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी घालून दिलेल्या पद्धतीत लेखकापाठोपाठ कंसात साल येते. तिकडच्याच भाषा-साहित्याच्या अभ्यासकांच्या पद्धतीत ते मागे जाते. यालाही कारण आहे. शास्त्रज्ञ आधी विचारतो, हे कधीचे? साहित्याचा अभ्यासक विचारतो, कोणत्या पानावरचे?

ही मापे मराठी अंगाला मात्र कोठे कोठे तंग होतात. ज्ञानेश्वरांना आडनाव कोणते लावायचे? कुसुमाग्रजांना ‘क’मध्ये बसवायचे, की शिरवाडकर म्हणून ‘श’मध्ये? जुन्या पुस्तकावर शके १८२० असते. त्यात ७८ मिळवले की १८९८ येते, पण पुस्तक माघातले असेल तर ७९ मिळवावे लागतात. या साऱ्या गाठी तिने सोडवल्या होत्या. एक तेवढी सुटली नव्हती.

प्रबंधातल्या बऱ्याच ओव्या एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितलेल्या. मार्गदर्शकांचे म्हणणे, खाली ‘लोकपरंपरा’ एवढेच लिहा. नियमही त्यांच्या बाजूचा. मानसशास्त्रज्ञांच्या त्या पद्धतीत खाजगी बोलण्याचा उल्लेख मजकुरात होतो, सूचीत होत नाही; कारण सूची वाचकाने पडताळून पाहण्यासाठी असते, आणि म्हातारी काही ग्रंथालयात मिळत नाही. 

“गुरुजी, ओव्या मला बाईंनी दिल्या, परंपरेने नाही,” ती म्हणाली.

मला तिचे पटले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा त्यांनी गाणाऱ्या बायांची नावे आणि गावेही नोंदवून ठेवली. आणि आपल्या संतांनी तरी दुसरे काय केले? तुकोबांनी अभंगाच्या शेवटी आपले नाव गुंफले. जनाबाई तर स्वतःला ‘नामयाची जनी’ म्हणवते. आपल्या नावाआधी ज्याचे देणे लागतो त्याचे नाव! इतकी नेटकी तळटीप मी अन्यत्र पाहिली नाही.

हल्ली संदर्भसूची यंत्रही करून देते. स्वल्पविराम जागच्या जागी, साल कंसात, सारे यथासांग. फक्त ते पुस्तक जगात नसते. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी यंत्राने रचलेले निवाडे न्यायालयापुढे दाखले म्हणून ठेवले आणि त्यांना ५००० डॉलर दंड झाला. म्हणजे पाहा, तिथे रूप होते, वस्तू नव्हती. इथे म्हातारी हयात होती, ओवी खणखणीत होती, आणि तिला रूप नव्हते म्हणून जागा नव्हती.

अखेर वाट नियमातूनच निघाली. पडताळता येत नाही ना? मग तिने बाईंना विचारून ध्वनिमुद्रणाची प्रत विभागाच्या ग्रंथालयात जमा केली. गाव, दिनांक, सारे नोंदवले. मार्गदर्शकांनीही हरकत घेतली नाही. पडताळता येते म्हटल्यावर कसली हरकत?

त्या बाईंचे नाव मी येथे लिहीत नाही. परवानगी त्यांनी प्रबंधापुरती दिली आहे, दिवाळी अंकासाठी नव्हे. ते नाव सूचीत आपल्या अक्षराखाली बसले आहे. वर एक नामांकित प्राध्यापक, खाली एक विश्वकोश. आणि मध्ये, आडनाव आधी, स्वल्पविराम, मग नाव, अशा थाटात कधी शाळेचे तोंड न पाहिलेली एक म्हातारी.