पानांवरचं ऊन

व्यापाऱ्यानं खरबूज चिरलं, फोडीचा थेंब गोडी मोजायच्या ब्रिक्स मीटरच्या काचेवर पिळला, उजेडाकडं धरून पाहिलं आणि काही न बोलता ते मीटर माझ्या हातात दिलं. आठ. जाळी भरलेली, रंग आलेला, वासही सुटलेला. चव मात्र काकडीची. गिऱ्हाइकाला निदान 12 लागतो.

चूक माझीच होती. तोडा जवळ आला तेव्हा आठवडाभर आभाळ धरलं होतं, त्यातच भुरी आली. पानं पिठूळली, करपली. आता काय, आठ-दहा दिवसांचा तर प्रश्न, म्हणून फवारणी टाळली. उलट वेल बाजूला सारून फळं उघडी केली. वाटलं, ऊन लागलं की गोड होतील! फळांवर पांढुरके, चामडीसारखे डाग पडले तेवढेच.

खरबुजाची साखर पानात तयार होते आणि फळात उतरते ती मुख्यतः शेवटच्या दोन आठवड्यांत. आंबा आढीत गोड होतो, कारण त्याच्यात पिष्ट साठलेलं असतं, त्याची साखर होते. खरबुजात पिष्टाची ती शिल्लक नसते. वेलावरून तोडलं की ते मऊ पडेल, घमघमेल, पण गोडी तिथंच थांबली. म्हणून मी आता फळाआधी पान राखतो, आणि वेलाला दोन-तीनच फळं ठेवतो. शेवटी पाणीही हळूहळू कमी करतो. एकदम तोडलं तर पानंच माना टाकतात.

रात्रीचा हिशेब मला उशिरा कळला. दिवसा कमावलेली साखर वेल रात्री श्वासावाटे खर्चतो, आणि रात्र जितकी उकाड्याची तितका खर्च जास्त. आमच्या करमाळ्याकडं मार्चच्या सुरुवातीला दिवसा 34-35 अंश, पहाटे 17-18, असं असलं की फळ साधतं. एप्रिलअखेर ऊन रग्गड, पण दुपारी पानं तोंड मिटून बसतात आणि रात्रही तापलेलीच. उजनी धरणाचं पाणी यायच्या आधी आजा भीमेच्या वाळूत खरबुजाच्या वाड्या करायचा. दिवसा पाय भाजणारी ती वाळू पहाटे गार पडायची. ब्रिक्स त्याच्या कानावरही नव्हता.

"तात्या, माल दिसायला एक नंबर आहे," व्यापारी जाताना म्हणाला. तो प्लॉट शेवटी ज्यूसवाल्यांना गेला. तिथं साखर वरूनच घालतात.