सावलीचा नकाशा

दादर टीटीच्या गोंगाटातून पारसी कॉलनीत वळलं की दोन मिनिटांत हवा बदलते. पण ही सावली आपोआप उगवलेली नाही. तिच्यामागे भीती आहे.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. कोंदट चाळींत माणसं पटापट मेली. 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे दादर-माटुंग्यात नवी वस्ती आखली गेली. रुंद रस्ते, दोन इमारतींमध्ये मोकळी जागा, बागा. मंचरजी जोशी हे ट्रस्टमधलेच इंजिनिअर. त्यांनी मध्यमवर्गीय पारशांसाठी इथे भूखंड मिळवले, रस्त्यांच्या कडेने झाडं लावून घेतली. इमारतीही बुटक्याच राहिल्या. म्हणजे हवा आणि उजेड ही इथे चैन नव्हती, औषध होतं.

माझ्या भाड्याच्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. म्हणून मी संध्याकाळी फाइव्ह गार्डनला येऊन बसते. या कॉलनीत मला घर मिळणार नाही, ती पारशांसाठीच आहे. पण झाडं कुणाला धर्म विचारत नाहीत. बाकांवर रुईयाची पोरं असतात, आज्या असतात, डुलक्या काढणारे डिलिव्हरीवाले असतात.

आता शहरभर रीडेव्हलपमेंट चालू आहे. प्रत्येक मीटिंगमध्ये स्क्वेअर फूट मोजले जातात. दोन इमारतींमधल्या हवेचा हिशोब मात्र कुणी मांडत नाही. तो एकदा मांडला होता, माणसं मेल्यावर.