पाठ टेकायची जागा

आष्ट्याला मामाच्या नव्या बंगल्यात सोफ्याच्या पाठीवर एक डाग आहे. तळहाताएवढा, कडेला फिकट, मधे काळपट. मामा संध्याकाळी रानातून येतो, अंघोळ उरकतो, डोक्याला खोबरेल चोळतो आणि बातम्या बघत तिथंच मान टेकतो. तांबूस कातड्याचा हा सोफा वहिनींनी हौसेनं सांगलीहून आणवलेला. त्यांना डाग खुपतो. “भावजी, तुम्ही एवढं वाचता, कशानं जाईल सांगा की.” मामी आतून ओरडली, “असू दे की गं! घाण हाय व्हय ती? माणूस बसतंय तितं.”

माझी नजर त्या डागावरून हलेना.

मुरलेलं तेल कातड्यातून निघत नाही. डाग ताजा असता तर टाल्कम पावडर भुरभुरून रात्रभर ठेवायची, सकाळी अलगद झटकायची; बरंचसं तेल ती ओढून घेते. मी पाण्याचा एक थेंब बोटानं सोफ्याच्या भिंतीकडच्या बाजूला ठेवला. तो तसाच उभा राहिला, म्हणजे वर रंगाचा थर शाबूत. दुसरा थेंब डागाच्या कडेला ठेवला. तिथं रोजच्या तेलाघामानं थर विरलेला. थेंब पसरला, आत गेला, आणि कातडं बघता बघता गडद झालं. वहिनी म्हणाल्या, “अगंबाई, हे तर पितंय!” पितंच. म्हणून तर त्याला कपड्याचा साबण लावायचा नाही. कमावलेलं कातडं मुळात आम्लधर्मी, साबणाचा खार त्याला सोसत नाही. जुन्या धोतराचा मऊ फडका कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळायचा, पुसायचं, लगेच कोरडं करायचं, आणि वर्षातून दोन-तीनदा बोटभर मलम. याहून जास्त काही करू नये असं माझं मत आहे.

मलमाची बाटली वहिनींनी आणूनच ठेवली होती. बूच उघडलं आणि वास आला तो थेट घोंगड्याचा. पावसात भिजलेल्या, धनगराच्या खांद्यावरच्या घोंगड्याचा. बाटलीवर वाचलं तर लॅनोलिन! मेंढीच्या लोकरीतला मेद तो. आटपाडी-जतकडचे मेंढके तो अंगावर वागवत पिढ्यान्‌पिढ्या पावसात उभे राहिले, आणि आता तो असा बाटलीतून दिवाणखान्यात येतो.

पण कातड्याला तेल पाजायचा आमच्याकडचा खरा शिरस्ता विहिरीवरच्या मोटेचा. मी मोट चालताना पाहिली नाही, आजीकडून ऐकली. इतकी ऐकली की पाहिल्यासारखीच आहे. धावेवरून बैल उतरायचे, नाडा ताणायचा, चाक कुरकुरायचं, मोट काठावर यायची आणि सोंडेतून पाणी थारोळ्यात कोसळायचं. मग बैल मागं मागं चढायचे. पहाटेपासून ऊन तापेपर्यंत हेच, आणि मोटकऱ्याचं गाणं. आजी सांगायची, मोट तान्ह्या पोरावानी जपायची. चालू आहे तोवर ती ओली असते, मऊ असते. खरी काळजी पावसाळ्यात, मोट बंद झाली की. कातडं वाळलं की ताठतं आणि घडीवर चिरतं. म्हणून आजोबा ती धुवून, सावलीत सुकवून, करंजाचं तेल चोळत बसायचे. शिवणीवर अंगठा दाबून, सोंडेच्या आत हात घालून. तेलकट हात मग नाड्यालाच पुसायचे. उंदरांच्या भयानं मोट आढ्याला टांगलेली असे, आणि माजघरात पावसाळाभर तो उग्र वास.

ते कातडं ढोरांनी कमावलेलं असे, बाभळीची साल आणि हिरडा घालून. मोट चांभारानं शिवलेली, नाडा मांगाच्या हातचा. सुगीला त्यांना बलुतं मिळे. मोटेचं पाणी पाटानं रानभर फिरायचं, माणसं पाटाला ओंजळ लावून प्यायची, कुणाला विटाळ होत नसे. ज्यांच्या हातांनी ती मोट झाली त्यांना मात्र विहिरीला शिवू देत नसत. पाणी वरून ओतायचं. आजी हेही त्याच आवाजात सांगायची, आणि मला अजून त्याचा राग येतो. अण्णा भाऊ साठ्यांचं वाटेगाव याच वाळवा तालुक्यातलं. या मुलखातल्या माणसाला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही.

विहिरींवर इंजिनं बसली, मग विजेच्या मोटारी, मग नदीवरून पाइपलाइनी. रानं उसाची झाली. मोटा गेल्या.

सोफ्याचं कातडं बाभळीच्या सालीचं नसतं, बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. क्रोमची ही विद्या मद्रासेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी 1903च्या सुमारास हाती घेतली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे सोफे नव्हते, तिकडच्या विहिरींवरच्या मोटा होत्या! पाण्यात न कुजणारं कातडं त्यांना हवं होतं. मला ही गोष्ट फार आवडते. दिवाणखान्यातली ती गुबगुबीत बैठक मोटेच्या नात्यातली निघाली.

साल-हिरड्याचं कातडं आता आपल्या अंगाला लागतं ते पायात. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे आहेत: कोल्हापूर, सोलापूर, सांगली, सातारा. ही चप्पल भिजली की बिघडते आणि ओलीच कपाटात कोंडली की बुरा धरते, म्हणून पावसाळ्यात बरेच जण ती बांधून ठेवतात. दुसऱ्या दिवशी बाजारात माझ्या चपलेचा अंगठा उसवला. झाडाखाली बसलेल्या कारागिरानं दोन टाके घातले, आणि मी न सांगताच बाटलीतलं एरंडेल बोटावर घेऊन पट्ट्यांना जिरवायला बसला. वरून, खालून, वेणीच्या प्रत्येक पेडात. “उनात ठिवू नगा दादा, सावलीत. आन् प्लास्टिकच्या पिशवीत तर न्हाईच, त्याला वारा पायजे.” पैसे विचारले तर त्यानं दोन टाक्यांचेच सांगितले. तेल आणि तो पाव तास त्यानं धरलाच नव्हता. मी धरायला लावला.