माडाचं लॅटिन वाचताना

माझा विषय वनस्पतिशास्त्र. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवत असताना लॅटिनशी संबंध यायचा तो झाडांच्या नावांपुरता. कोकोस न्यूसिफेरा म्हणजे माड, अरेका कॅटेचू म्हणजे पोफळ. नावं विद्यार्थ्यांना पाठ असायची, पण त्यांच्यामागची लॅटिन वर्णनं आमच्यापैकी कुणी वाचलेली नव्हती. खरं तर 1935पासून 2011 अखेरपर्यंत नव्या वनस्पतीचं वर्णन किंवा निदान तिची वेगळी लक्षणं लॅटिनमध्ये दिल्याशिवाय तिचं नाव ग्राह्य धरलं जात नसे. त्यामुळे त्या काळात सह्याद्रीत सापडलेल्या नव्या जातींच्या शोधनिबंधांतही लॅटिनचा एक परिच्छेद असतोच. आम्ही तो सोडून खालचं इंग्रजी वाचत असू.

तो परिच्छेद वाचायला शिकावं असं मला ‘हॉर्टस मलाबारिकस’मुळे वाटलं. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याने करवून घेतलेला हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात अ‍ॅमस्टरडॅममध्ये छापला गेला. प्राध्यापक के. एस. मणिलाल यांनी आयुष्यातली कित्येक वर्षं देऊन त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि ते 2003 साली प्रसिद्ध झालं. मूळ खंडांचे स्कॅन जालावर मोफत आहेत. पहिल्या खंडाची पानं चाळताना मी थांबलो, कारण लॅटिन मजकुराच्या मध्ये देवनागरी दिसली. रंगभट, विनायक पंडित आणि आप्पूभट या तीन वैद्यांचं 1675 सालचं कोकणी भाषेतलं प्रमाणपत्र तिथे छापलेलं आहे. चित्रांवरही झाडांची नावं देवनागरीत आहेत. आणि ग्रंथातलं पहिलंच झाड आहे माड, त्याच्यामागोमाग पोफळ. आमच्या परसातल्या झाडांची माहिती आमच्याच किनाऱ्यावरच्या भाषांमधून लॅटिनमध्ये गेली होती. ती जशी लिहिली गेली तशी वाचायची, असं मी ठरवलं.

लॅटिनचा छापील कोश घेऊन बसलं की पहिली अडचण येते ती शब्द सापडण्याची. संस्कृत शिकलेल्यांना ही अडचण ओळखीची आहे. ‘गच्छति’ कोशात ‘गम्’खाली शोधावं लागतं. लॅटिनमध्येही मजकुरात ‘फ्लोरिबुस’ असतं आणि कोशात ‘फ्लोस’, म्हणजे फूल. ‘तुलित’ हे क्रियापद ‘फेरो’ या नोंदीत असतं. व्याकरण पक्कं होईपर्यंत कोश हाती असूनही उघडता येत नाही.

इथे डिजिटल साधनांनी मला हात दिला. पहिलं साधन ‘व्हिटेकर्स वर्ड्‌स’. विल्यम व्हिटेकर हे अमेरिकी हवाई दलातले अधिकारी. अ‍ॅडा ही संगणकभाषा घडवण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. निवृत्तीनंतर त्यांनी त्याच भाषेत हा लॅटिन कोश लिहिला आणि सर्वांना मोफत दिला. 2010 साली ते वारले. त्यांचं काम आता इतर लोक हौसेने चालू ठेवतात. सुमारे 39 हजार नोंदींचा हा कोश संगणकावर उतरवून घेता येतो आणि इंटरनेटशिवाय चालतो. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही रुसतात अशा आमच्या गावात ही मोठी सोय आहे. मजकुरातलं रूप जसंच्या तसं टंकायचं. प्रोग्राम त्याचे प्रत्यय सोडवतो, मूळ शब्द, लिंग, वचन, विभक्ती सांगतो आणि थोडक्यात अर्थ देतो. शब्द कोणत्या काळातला, कोणत्या विषयातला, किती वापरातला, याचीही खूण एकेका अक्षराने दिलेली असते. फक्त प्लिनी या रोमन लेखकाच्या निसर्गविषयक ग्रंथात आढळणाऱ्या शब्दांसाठी तर वेगळं अक्षर आहे.

सतराव्या शतकातल्या छपाईची मात्र आधी उकल करावी लागते. तेव्हाचा लांब ‘एस’ जवळजवळ ‘एफ’सारखा दिसतो. काही स्वरांवर आघातचिन्हं असतात, ‘ए’ आणि ‘ई’ एकमेकांना चिकटवून छापलेले असतात. स्कॅनमधून आपोआप काढलेला मजकूर या सगळ्याला फसतो. म्हणून मी तो उचलून चिकटवत नाही, पान डोळ्यांनी वाचून शब्द हाताने टंकतो. वेळ लागतो, पण शब्द लक्षात राहतो.

साधन सगळ्या शक्यता समोर ठेवतं, निवड आपण करायची. ‘फ्लोरिबुस’ टंकलं की चतुर्थीचं अनेकवचन आणि अ‍ॅब्लेटिव्हचं अनेकवचन अशा दोन ओळी येतात. अ‍ॅब्लेटिव्ह ही लॅटिनमधली फार व्यापक विभक्ती. आपल्या तृतीयेचं, पंचमीचं आणि बरंचसं सप्तमीचंही काम ती एकटी करते. शाळेत ‘रामेभ्यः’ पाठ केलेल्या माणसाला ही पेचाची जागा लगेच कळते, कारण संस्कृतमध्येही चतुर्थी आणि पंचमीचं अनेकवचन एकच असतं आणि संदर्भानेच ठरवावं लागतं. वनस्पतीची लक्षणं सांगताना लॅटिन लेखक सहसा अ‍ॅब्लेटिव्ह वापरतात. ‘फोलिइस ओवातिस, फ्लोरिबुस आल्बिस’ म्हणजे ‘पानं अंडाकृती, फुलं पांढरी’. एवढी रीत समजली आणि पुढची कितीतरी वाक्यं आपोआप सुटत गेली.

सखोल अर्थासाठी मी शिकागो विद्यापीठाच्या ‘लोगेइऑन’कडे वळतो. तिथे एका शब्दाखाली अनेक कोश एकत्र वाचता येतात. 1879 सालचा लुईस आणि शॉर्ट यांचा मोठा कोश आहे, मध्ययुगीन लॅटिनसाठी द्यू कांज आहे. लुईस-शॉर्टची संगणकीय प्रत टफ्ट्‌स विद्यापीठाच्या ‘पर्सियस’ प्रकल्पाने तयार केली आणि खुली ठेवली. तिच्यावर इतर अनेक साधनं उभी आहेत. म्युनिकमध्ये 1894 साली सुरू झालेला ‘थिसॉरस लिंग्वे लातिने’ अजून पूर्ण व्हायचा आहे, पण त्याचे प्रसिद्ध झालेले खंड पीडीएफ रूपात वाचता येतात.

हे कोश प्रामुख्याने जुन्या साहित्याचे आहेत आणि वनस्पतिशास्त्राचं लॅटिन त्यांच्यापासून बरंच पुढे आलं आहे. लुईस-शॉर्टमध्ये ‘स्टामेन’ म्हणजे मागावरचा ताणा, ‘पोलेन’ म्हणजे बारीक पीठ, ‘आंथेरा’ म्हणजे फुलांपासून केलेलं औषध, ‘टोमेंटुम’ म्हणजे उशीत भरायची लोकर किंवा पिसं. वनस्पतिशास्त्रात हेच शब्द पुंकेसर, परागकण, परागकोश आणि पानावरची दाट गुंतलेली लव यांसाठी येतात. म्हणून विल्यम स्टर्न यांचं 1966 सालचं ‘बोटॅनिकल लॅटिन’ मी शेजारी ठेवतो. मिसूरी वनस्पती उद्यानाच्या संकेतस्थळावरचा वनस्पतिशास्त्रीय लॅटिनचा व्याकरणकोशही उघडा असतो. पण ऱ्हेडेचा ग्रंथ वनस्पतिशास्त्राच्या लॅटिनला आजचं वळण देणाऱ्या लिनियसच्या आधीचा. त्यात नवा अर्थ घ्यायचा की जुना, हे प्रत्येक ठिकाणी चित्र आणि झाड पाहूनच ठरवावं लागतं.

अख्ख्या वाक्याचं भाषांतर करणारी यंत्रंही आहेत. मी त्यांच्याकडे सर्वांत शेवटी जातो. ती देतात ते वाक्य गुळगुळीत असतं, पण त्यातला कोणता शब्द कशावरून आला हे दिसत नाही. वर्णनात विशेषण पानाला लागतं की देठाला, यावर ओळख अवलंबून असते. तिथे प्रत्येक शब्दाचं लिंग आणि विभक्ती तपासल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

आता काही विद्यार्थी माझ्याबरोबर बसतात. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना रूपं पटकन कळतात. ज्यांची वाडी आहे त्यांना मजकूर आधी कळतो. नारळाच्या पोयीचं वर्णन आलं की ते शब्द शोधायच्या आधीच सांगतात, इथे काय म्हटलं असणार. मग कोश उघडून आम्ही ते पडताळतो. माडावर चढणाऱ्याच्या मुलाने लॅटिन वाक्य बरोबर लावलं की मला फार समाधान वाटतं.

उणीव एकच आहे: या सगळ्या साधनांमध्ये मराठी नाही. आम्ही एक यादी करतो आहोत. लॅटिन शब्द, त्याचा जुना अर्थ, वनस्पतिशास्त्रातला अर्थ आणि मराठी संज्ञा, असे तिचे चार रकाने आहेत. शासनाच्या भाषा संचालनालयाचा वनस्पतिशास्त्र परिभाषा कोश जालावर असल्याने चौथ्या रकान्याचं बरंच काम सोपं झालं. संवर्त, पुष्पमुकुट, किंजल्क, किंजपुट हे घडीव शब्द तयारच आहेत. पोय, झावळी, सोडण, करवंटी हे वाडीतले शब्द आम्ही भरतो. व्हिटेकर यांनी आपलं काम जसं सर्वांसाठी खुलं ठेवलं, तशीच ही यादीही आम्ही खुली ठेवणार आहोत. जिल्ह्याजिल्ह्यांत झाडांच्या अवयवांना वेगवेगळे शब्द आहेत. ते ज्यांना ठाऊक आहेत त्यांनी त्यात भर घालावी.